मास्तरांची स्वतःची कॅसेट

कळव्यापासून पार कल्याणपर्यंत खाडीकाठच्या गावांमध्ये हळद लागली की मांडवात टेपवर मास्तरांचं वाजवणं असायचंच. स्वतः मास्तर मात्र कधी कुणाच्या हळदीला गेले नाहीत. माणसं येऊन बोलवायची, ‘मास्तर, नुसतं तोंड दाखवून जा’ म्हणायची. मास्तर हो म्हणायचे आणि त्या दिवशी ठाण्यातल्या खोपटच्या आपल्या खोलीला आतून कडी लावून बसायचे.

मी एकदा कारण विचारलेलं.

“टेप बरोबर चालत नाय,” ते म्हणाले. “मांडवात सगले जुने टेप. आतला पट्टा ढिला झालेला. माझी ढोलकी तिथं म्हशीवानी चालतंय. माना नाय बगवत.”

“मला ऐकवत नाही, म्हणा.”

“नाय. बगवत नाय. मानसं त्याच्यावर पन नाचतान.”

हे ते गंमत म्हणून सांगत नव्हते. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, बारीक पेचकस असायचा. कळवा स्टेशनबाहेरच्या एका चहावाल्याकडे आम्ही बसलो होतो, तिथे टेपवर त्यांचीच एक कॅसेट लागलेली. मास्तरांनी चहा तसाच ठेवला, उठले, चहावाला ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत टेपचं मागचं झाकण काढलं आणि आतला कुठला तरी स्क्रू कान लावून फिरवत बसले. गिऱ्हाइकं बघायला लागली. झाकण लावून ते म्हणाले, “आता आयक.” चहावाल्याने ऐकलं आणि म्हणाला, “आधीपन असंच वाजत होतं की.” मास्तर चहा न पिता निघाले.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. कॅसेटच्या धंद्यात गाण्याला संगीत लावून देणाऱ्याला मास्तर म्हणत. गाणारा वेगळा, गाणं लिहिणारा वेगळा, कव्हरवर फोटो नवऱ्या-नवरीचा. मधलं सगळं, म्हणजे ढोलकी, कीबोर्ड, सनई, कोरस, कुठे काय थांबायचं आणि कुठे काय सुरू व्हायचं, हे मास्तरांचं. कव्हरवर त्यांचं नाव सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. ते बहुतेक वेळा चुकीचं छापलेलं असे आणि बऱ्याचदा नसेच.

आमची ओळख त्यावरूनच झाली. मी डोंबिवलीला राहायचो, ठाण्यात एका ऑफिसात कारकून होतो आणि ठाण्याच्याच एका साप्ताहिकात नव्या कॅसेटींवर लिहायचो. एका हळदीच्या गाण्यांच्या कॅसेटवर मी लिहिलेलं, गायिकेचं पोटभर कौतुक केलेलं. अंक निघाला आणि साप्ताहिकाच्या कचेरीत एक काळासावळा, सडसडीत माणूस येऊन उभा राहिला. हातात अंकाची सुरळी.

“गानारी कोन ते लिवलंस,” तो मला म्हणाला. “वाजवनारा कोन?”

मी म्हटलं, “संगीत चांगलंच आहे.”

“चांगला नाय. दुसऱ्या गान्यात सनई उशिरा येतंय. तुना कललं नाय?”

मला कळलं नव्हतं. भांडायला आलेला माणूस स्वतःचीच चूक काढतोय हे बघून संपादक हसायला लागले. मास्तर मला बखोटीला धरून खोपटला घेऊन गेले, कॅसेट लावली आणि ती उशिरा येणारी सनई ऐकवली. मग पुन्हा ऐकवली. तेव्हापासून मी ऑफिस सुटलं की त्यांच्याकडे जायला लागलो. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी शेवटपर्यंत ‘पेपरवाला’ राहिलो.

त्यांची खोली एसटी डेपोच्या मागे होती. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खिडकीला गोणपाट, तरी गाडी मागे घेताना कंडक्टरने मारलेली शिट्टी आत यायचीच. एका लग्नगीतात ती आलेलीही आहे. गायिका म्हणाली, पुन्हा गाते. मास्तर म्हणाले, नको, बरोबर समेवर आली, राहू दे.

गाणाऱ्याला ते आधी जेवायला घालायचे. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. उपाशी माणसाचा आवाज पातळ येतो असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांचा एकच नियम होता, जो ते दिवसातून कितीदा तरी ऐकवायचे: “आवाज म्होरं. वाजप मागं.” कुणी गाताना माइकपासून लांब सरकला की ते काचेमागून ओरडायचे, “माइक काय चावतंय तुना?” खाडीकाठची एक कोळीण त्यांनी गायला आणलेली. बाजारात तिचा आवाज या टोकापासून त्या टोकाला जायचा, पण माइकसमोर उभी केली तर तोंडातून हवासुद्धा निघेना. मास्तरांनी तिला घरी पाठवलं नाही. तिची पाटी आत आणायला सांगितली, समोर मांडी घालून बसले आणि बोंबलाचा भाव करायला लागले. पाडून मागितलं, शिळे म्हणाले. ती भडकली. ती पुरती भडकल्यावर मास्तरांनी नुसती ढोलकी सुरू केली आणि तिला म्हणाले, आता याच आवाजात म्हण. ते गाणं पुढे कितीतरी वर्षं वाजत राहिलं. बाई रिक्षाने परत जाताना रडत होती, असं मला आठवतं. मास्तर बोंबील विकत घ्यायला विसरले नव्हते.

त्यांच्या घरचं मला हळूहळू कळलं, कारण ते सलग असं काही सांगायचे नाहीत. त्यांचे आईवडील मिठागरात राबलेले. वडील लवकर गेले. आई मीठ ओढून टोपल्या वाहायची आणि दोन मुलं बांधावर वाढली. मास्तर धाकटे. थोरल्या भावाला सगळं गाव दादूस म्हणायचं, मास्तरही. ठाण्याकडून इमारती सरकत आल्या तेव्हा घरची जमीन विकायचं दादूसने ठरवलं. मास्तरांची सही लागत होती, ती त्यांनी दिली. जमिनीवर इमारत झाली, दादूस पुढे त्या धंद्यातच शिरला. मास्तरांच्या वाट्यातून खोपटची खोली आणि यंत्रं आली. आईला त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर घर मिळालं. तिला आत करमायचं नाही. ती सकाळी उठून जिन्यात येऊन बसायची, दुपारपर्यंत तिथेच असायची, जाणाऱ्या-येणाऱ्याला बाजूने जाऊ द्यायची. ती गेली तीसुद्धा त्याच जिन्यात, बसल्या बसल्या. त्यावर दोघा भावांमध्ये कधी बोलणं झालं नाही. दोघं भेटायचे, सणाला एकत्र जेवायचे, पण तो विषय काढायचे नाहीत.

ते दिवस हिंदीत बोलत बोलत गाण्याचे होते. कॉलेजची पोरं त्याला रॅप म्हणायची. कोरसमध्ये गाणाऱ्या एका पोराने उल्हासनगरहून अमेरिकेतल्या गाण्यांची चोरटी कॅसेट आणलेली, ती मास्तरांनी लावली. मी तिथे होतो. एक शब्द कळत नव्हता. पोरं माना हलवत होती. मास्तर गुडघ्यावर बोटं ठेवून बसले होते, एकही बोट हललं नाही. बाजू संपल्यावर त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून लावली.

“हा गानं नाय,” ते शेवटी म्हणाले. “हा भांडान हाय. ठेक्यातला भांडान.”

मग म्हणाले, “आमची आय असाच बोलायची.”

मिठाची टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून चालताना बाया मुकादमाला, नवऱ्याला, देवाला, पावलांच्या ठेक्यात बोल लावायच्या. पाऊल पडेल तसा शब्द पडायचा. गाणं नव्हे, नुसतं बोलणं. मास्तरांनी दोन-तीन ओळी आईच्या म्हणून दाखवल्या. त्यांना मी कधी गाताना ऐकलं नव्हतं. आवाज जाडाभरडा, मिठाच्या गोणीसारखा, पण शब्द असे एकावर एक बसत गेले की पोरांच्या माना आपोआप हलायला लागल्या. मास्तर एकदम थांबले आणि पोरांना म्हणाले, “बस झाला. सनईवाला आयला काय बगा.”

त्यानंतर वर्षभर ते काहीतरी करत होते, पण सांगत नव्हते. दुपारची खोली बंद असायची. मी दार वाजवलं की आतून “कोरस चाललाय” असा आवाज यायचा आणि कोरसची पोरं तर माझ्यासोबत बाहेर चहा पीत असायची.

मग एके दिवशी साप्ताहिकाच्या कचेरीत येऊन त्यांनी माझ्या हातावर कॅसेट ठेवली. ‘खारे बोल’. कव्हरवर पहिल्यांदाच त्यांचं नाव मोठ्या अक्षरात आणि फोटो त्यांचा. फोटोत ते पासपोर्टसाठी बसल्यासारखे घाबरलेले. कल्याणच्या बाजारातल्या ज्या शेठसाठी त्यांनी इतकी वर्षं लग्नाच्या कॅसेटी केल्या, त्याने ही काढली होती, थोडी भीड म्हणून आणि थोडी ‘रॅप चालतंय सध्या’ म्हणून.

“लिव,” मास्तर म्हणाले.

“लिहितो की.”

“खरा लिव. माझा आहे म्हनून नको लिवू.” आणि पायऱ्या उतरून निघून गेले. अर्ध्यातून परत आले. “सनई कुठं उशिरा आली तर ते पन लिव.”

मी ती कॅसेट डोंबिवलीला माझ्या खोलीत आठवडाभर ऐकली. सनई कुठेच उशिरा आली नव्हती. मास्तर आयुष्यात जे जे शिकले ते सगळं त्यांनी त्यात घातलं होतं. ढोलकीवर रिदम मशीन, त्यावर मडक्याचं घुमट, त्यावर कीबोर्डचे तीन-तीन पदर, खाडीच्या पाण्याचा आवाज, बगळ्यांचा आवाज, कोरस. नुसतं संगीत म्हणून ऐकलं तर डोळे मिटून बसावं असं. पण ही बोलायची कॅसेट होती आणि बोलणारा माणूस ऐकूच येत नव्हता. तो सगळ्याच्या मागे कुठेतरी होता, दाराआड उभं राहून कुणी बोलावं तसा. आईचं काही आहे, जमिनीचं काही आहे, एवढं कळायचं. नेमकं वाक्य आलं की नेमकी सनई यायची. फक्त पहिल्या बाजूच्या शेवटी सगळी वाद्यं थांबत आणि चार ओळी उघड्या पडत:

दादूस बोलला, सही कर.
मी बोललू, पेन दे.
आय बोलली, वाच तरी.
मी बोललू, जेवाया दे.

त्या ओळींनंतर मी टेप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली भाजीवाला ओरडत होता. मला वाटलं, अख्खी कॅसेट अशी असती तर?

मी लिहिलं, ते थोडक्यात असं: संगीत कुणालाही हेवा वाटावा असं आहे, आणि तेच या कॅसेटचं दुखणं आहे. दुसऱ्यांना माइकसमोर ढकलणारा माणूस स्वतःची वेळ आल्यावर आपल्याच ढोलकीमागे लपला आहे. त्याला बोलायचं आहे आणि कुणी ऐकू नये असंही वाटतं आहे. पहिल्या बाजूच्या शेवटच्या चार ओळी मात्र अस्सल आहेत. बाकीची कॅसेट त्यांनी त्या चार ओळींपासून पुन्हा करावी.

संपादकांनी मजकूर वाचून चष्मा काढला. “अरे, तुझे स्नेही ना ते? जरा मऊ कर.”

“ते म्हणाले, खरं लिही.”

“असं सगळेच म्हणतात.” पण त्यांनी शब्द न बदलता छापलं.

अंक निघाला त्या रविवारी सकाळी मास्तर डोंबिवलीला आमच्या घरी आले. याआधी कधी आले नव्हते. आईने पोहे दिले. मास्तरांनी ते सगळे खाल्ले, बशी खाली ठेवली, आणि आई आत जाईपर्यंत थांबले.

“बरोबर लिवलंस.”

मी काहीतरी बोलणार होतो, त्यांनी हात वर केला.

“तुना कसा कललं, मी घाबरलू ते?”

“ऐकू येतं मास्तर.”

त्यांनी बशी बाजूला सरकवली. मग म्हणाले की आवाज आधी पुढेच होता. सगळं मिक्सिंग झालेलं. शेवटच्या दिवशी दादूस सहज म्हणून खोपटला आला, बाहेर बसून चहा प्यायला, काय चाललंय विचारलं आणि गेला. त्याने काही ऐकलंसुद्धा नव्हतं. “तो गेला, आन् मी आवाजाचा बटन खाली घेतला. माझ्या हातानं. थोरा घेतला. मंग अजून थोरा घेतला.” त्यांनी बोटाने हवेत ते बटण खाली ओढून दाखवलं. “दुसरा कोन असता तर मी त्याला हाकलला असता.”

जाताना चपला घालता घालता म्हणाले, “पुन्हा करतू.”

शेठने पुन्हा काढायला साफ नकार दिला. पहिलीच कॅसेट गठ्ठ्याने दुकानात पडून होती. मास्तर म्हणाले, नसू दे, आधी होऊ दे. या वेळी खोली बंद नसायची. त्यांनी कीबोर्डवर कापड टाकलं, सनईवाल्याला सुट्टी दिली, मशीनची वायर काढून ठेवली. एक लाकडी पेटी पालथी घातली, तिच्यावर तळहात मारत ते माइकच्या इतके जवळ बसले की ओठ टेकावेत. काच पलीकडे रिकामी. काचेमागून ओरडायला कुणी नव्हतं.

ती दुसरी ‘खारे बोल’ मी ऐकली तेव्हा दुपार होती, डेपोत गाड्या लागत होत्या. एकच आवाज आणि एकच पेटी. कुठे श्वास चुकलेला, कुठे शब्द घशात अडकून खरखरलेला. मिठागर, मुकादम, आई, सही, इमारत, जिना, दादूस. शिव्या होत्या, पण बहुतेक स्वतःला. मिठागरावर माती पडली, मातीवर वाट पडली, वाटेवर इमारत झाली आणि आय बसली जिन्यात. तिथे संपलं.

“बोल,” मास्तर म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, मशीनवर फिरणाऱ्या मूळ टेपच्या स्पूलकडे बघत होते.

“हे चांगलं आहे मास्तर. हे फार चांगलं आहे.”

“खरा?”

“खरं. मी याच्यावर लिहिणार. शेठला मी भेटतो, नाहीतर दुसरा कुणी बघू.”

त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटलं तसा आनंद दिसला नाही. पेपरात मी नापास केलं तेव्हा ते जास्त मोकळे दिसले होते. “आधी दादूसला आयकवतू,” ते म्हणाले. “त्याच्यावर आहे. त्याच्या पाठीमागं नाय बाजारात नेयाची.” आणि मग, “तू पन बस तवा. पेपरवाला समोर असला तर तो शिव्या देनार नाय.”

दादूस आला तो पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात साखळी, गाडी खाली डेपोच्या भिंतीला लावलेली. भावासाठी मिठाईचा पुडा घेऊन आलेला. गडी मोठा, पण त्या बुटक्या खोलीत शिरताना वाकला तेव्हा दोघं भाऊ अगदी सारखे दिसले. चटईवर मांडी घालून बसला. मास्तरांनी स्पूलवरून उतरवलेली एकुलती एक कॅसेट लावली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

दादूसने सगळी ऐकली. दोन्ही बाजू. मध्ये कॅसेट उलटताना त्याने घाम पुसला तेवढाच. जिन्याचं आलं तेव्हा त्याने डोळे मिटले, पण चेहरा हलला नाही. संपल्यावर डेपोतल्या एका गाडीने हॉर्न दिला.

“या वेली वाजवलास कमी,” दादूस म्हणाला.

“हां.”

“बरा केलास.” मग तो म्हणाला, “जिना कशाला काढलास?”

“जिना व्हता म्हनून.”

“गाव काय बोलंल माना?”

“गाव काय बोलंल ते गाव बोलंल. तू काय बोलतंस?”

मास्तरांचा आवाज त्या प्रश्नाला इतका लहान झालेला की मी खाली बघितलं. दादूस गुडघ्यावर हात ठेवून उठला. कपड्यांवरची धूळ झटकली.

“ही बाजारात जायाची नाय,” तो म्हणाला.

मला वाटलं, मास्तर आता बोलतील. इतकं बोलून झालं होतं त्या कॅसेटमध्ये, आता एक वाक्य काय अवघड. मास्तरांनी टेपमधून कॅसेट काढली आणि भावाच्या हातात दिली.

“घे. तुझीच हाय.”

मी उभा राहिलो. “दादा, तुम्ही नीट ऐकलं नाहीत. त्यात त्यांनी तुम्हाला काही...”

“आयकला,” दादूस माझ्याकडे वळून म्हणाला. रागाने नव्हे. “मी बयरा नाय.” आणि वाकून दाराबाहेर पडला. मिठाईचा पुडा चटईवर तसाच होता.

मास्तरांनी गोणपाट सरकवून खाली बघितलं. गाडी सुरू झाली, मागे आली, वळली, गेली. “माना वाटलेलं, तो ररंल, डोलं पुसंल,” ते म्हणाले. “नाय तर मारंल. दोन्ही नाय केला. पंगतीतून उठल्यावानी उठला.”

पुढच्या आठवड्यात मी गेलो तर दुसऱ्याच कुणाचं लग्नगीत रेकॉर्ड होत होतं. ज्या स्पूलवर ‘खारे बोल’ होती त्याच स्पूलवर. मी मशीन बंद करायला हात पुढे केला, मास्तरांनी तो धरला.

“ज्याला बोलायचा व्हता त्याला बोललू.”

“आणि बाकीच्यांनी ऐकायचं नाही?”

“तू आयकलास ना? चांगला बोललास. तेवरा बस.”

“मला नाही बस,” मी म्हटलं. मी चिडलो होतो. “मी लिहिणार होतो.”

“काय लिवशील? जी नाय तिच्यावर?”

नवरी मुलीची आत्या माइकसमोर उभी होती, ती आमच्याकडे बघत होती. मास्तर तिला म्हणाले, “म्होरं हो बाय. माइकजवल.” मी बाहेर येऊन डेपोच्या कट्ट्यावर बसलो. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज यायला लागला. त्याच्याखाली कुठेतरी मास्तरांचा आवाज पुसला जात होता.

त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांकडे गेले नाहीत. भांडण झालं नाही, म्हणून समेट करायलाही कुणी मध्ये पडलं नाही. सणाला दादूसकडून जेवायचं बोलावणं यायचं बंद झालं की मास्तरांनी जायचं बंद केलं, मला नक्की माहीत नाही. पुढे कीबोर्डमध्येच तयार ठेके यायला लागले. बटण दाबलं की ढोलकी, बटण दाबलं की सनई, तीही वेळेवर. शेठने कल्याणलाच एक पोरगा बसवला. मास्तरांकडे कामं येईनाशी झाली तरी ते रोज खोली उघडायचे, यंत्रांवरची धूळ पुसायचे, आणि मी गेलो तर माझ्याकडच्या नव्या कॅसेटी लावून कोण कुठे चुकलं ते सांगायचे. तेही हळूहळू कमी झालं. “चांगला हाय” असं ते वाईट कॅसेटींनासुद्धा म्हणायला लागले, तेव्हा मी त्यांना कॅसेटी नेऊन देणं थांबवलं.

छातीचं दुखणं निघालं आणि ते फार पुढे गेलेलं होतं. सरकारी दवाखान्यात मी भेटायला गेलो तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या खोकल्याकडे बोट दाखवून म्हणाले, “तालात नाय.” आमचं ते शेवटचं बोलणं. दादूस तिथे रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसायचा, असं नर्सने सांगितलं. आत किती वेळा गेला ते तिलाही सांगता आलं नाही.

मास्तर गेल्यावर काही महिन्यांनी मी कळव्याला दादूसकडे गेलो. मला ती कॅसेट हवी होती. आता कुणाचं काय बिघडणार होतं? एखादा कुणीतरी काढायला तयार झाला असता, निदान माझ्याकडे एक प्रत राहिली असती. इमारतीत विचारलं तर कुणीतरी म्हणालं, दादूसशेठ खाडीवर असतील, दुपारचे तिकडेच असतात.

गाडी खाडीच्या काठाला उभी होती. ऊन मी म्हणत होतं आणि गाडीच्या चारही काचा बंद. मी काचेवर टकटक केली. दादूसने वळून बघितलं, ओळखलं, आणि पलीकडचं दार उघडलं.

आत टेप चालू होता.

मी बसलो. पेटीवरचा तळहात ऐकू येत होता, तो मी कुठेही ओळखला असता. पण त्याच्यावर जे होतं ते बोलणं राहिलं नव्हतं. गाडीतल्या उन्हाने आणि पुन्हा पुन्हा चालून टेप पार गेलेली. आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा, बुडायचा. शब्द एकही धड नाही.

“दादा, याची दुसरी प्रत काढलीत का कुठे?”

त्याने नाही म्हणून मान हलवली.

“ही गेली दादा. यातलं आता काही कळत नाही.”

“तुना नाय कलत?” त्याला खरंच नवल वाटलं. त्याने आवाज मोठा केला, त्याने नुसती खरखर मोठी झाली. मग स्टिअरिंगवर बोट ठेवलं आणि समोर पाण्याकडे बघत, पेटीच्या ठेक्याला, भावाच्या बरोबरीने बोलायला लागला. आवाज तसाच, जाडाभरडा.

“बांधावरनं चाललो तवा
तू म्होरं, मी मागं, आय मधी.
आयला खांद्यावर नेली तवा पन
तू म्होरं, मी मागं, आय मधी.”

पूर्ण बाजू त्याने म्हटली. एक शब्द अडला नाही. खटका वाजून टेप थांबली तशी त्याने कॅसेट काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि उलटी करून परत आत सरकवली. बटण मात्र दाबलं नाही.

“पेपरात लिवू नको,” तो म्हणाला.

“पेपर बंद पडला दादा. कधीच.”

“मंग ठीक हाय,” दादूस म्हणाला, आणि माझ्या बाजूची काच थोडी खाली केली, मला घाम आला होता म्हणून.